डावं चाक तुझं, उजवं माझं

मी एक जुनी फवारणीची नळी आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्यापैकी एकानेही मला कधी हात लावलेला नाही, आणि लावला असता तर लगेच साबण शोधला असता. औषधाचा वास येतो मला. येणारच! बारा वर्षं निफाडच्या द्राक्षबागांत मोरचूद, गंधक आणि ज्यांची नावं डब्यावरसुद्धा धड वाचता येत नाहीत असली औषधं माझ्या पोटातून गेली. द्राक्षं तुम्ही खाल्लीत, घडच्या घड. नळीची आठवण कुणाला झाली नाही. असू दे, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधला. आत एक मऊ थर, त्यावर धाग्यांची वीण, वर पिवळाधमक थर. शंभर मीटरचं भेंडोळं होते मी, आणि माझ्या अंगावर हात हात अंतराने छापलं होतं की ही नळी चाळीस किलो दाब सोसते. ते खरं होतं. मी भांडकुदळ असेन, खोटारडी नाही.

मला विकत घेतलं सहादू अण्णांनी. निफाडला बसस्टँडच्या मागे त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या आगेमागे पाऊस झाला आणि बागेवर डावणी, ती पांढरी बुरशी, पडली की शेतकरी तोंडचं पाणी पळाल्यासारखे दुकानात यायचे. मग मला उचलायची, ट्रॉलीत टाकायची आणि दिवसाला चार-चार बागा करायच्या. मजूर मला ओळींमधून ओढायचे, कोपऱ्यावरच्या लोखंडी अँगलला माझं अंग खरवडून निघायचं, आणि अडकले की आईवरून शिवी मलाच. एकदा तर एका शहाण्याने माझ्यावर ट्रॅक्टरच उभा केला आणि बिडी ओढत बसला. तरी मी फुटले नाही.

सहादू अण्णा गिऱ्हाइकाला मला दाखवायचे. "ही बघा. बारा हंगाम झाले. एक थेंब गळाली नाय. लय इमानी हाय." अशी स्तुती ऐकली की मला बरं वाटायचं, कशाला नाही म्हणू? पण पुढे ट्रॅक्टरमागचे मोठे पंखे आले, ब्लोअर म्हणतात त्यांना. माणसाने नळी धरून ओळीत फिरायचं कामच गेलं. मला गुंडाळून खिळ्याला टांगलं ते तीन वर्षं कुणी खाली घेतलं नाही. उंदरांनी एक टोक चाखून बघितलं आणि सोडून दिलं, त्यांनाही चव आवडली नसावी.

आता विमानाचं सांगते. हसू नका. खरंखुरं विमान, दोन माणसांचं.

सहादू अण्णांचा धाकटा भाऊ प्रफुल्ल. एकतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं बांधली. आता एक घरचं बांधतो." चांदवडच्या अंगाला या भावांचा माळ आहे, कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथे. त्यावर पत्र्याची शेड ठोकली, शेजारी मुरूम दाबून सरळ पट्टी केली आणि काम सुरू झालं. नकाशे वाचायचे प्रफुल्लने, वेल्डिंग करायचं सहादू अण्णांनी. चार वर्षं दोघे एका डब्यात जेवले. उडायच्या परवानगीचे कागद अजून फिरत होते. तोवर विमान जमिनीवर पळवून बघायला हरकत नव्हती.

पळवणार होती तेजल, प्रफुल्लची मुलगी. तिची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली. तेव्हापासून तिला सहादू अण्णा आणि त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, निफाडला वाढवलं. त्यांना मूलबाळ नाही. तेजल लताबाईंना मोठी आई म्हणते आणि तिच्या शाळेच्या दाखल्यापासून सायकलीपर्यंत सगळ्यावर दोन्ही घरांचा सारखा हक्क. पुढे ती विमान चालवायला शिकली, परवाना मिळवला. या विमानात पहिल्यांदा बसायचं ते तिनेच, हे चार वर्षांपासून ठरलेलं होतं. दोघा भावांचं एवढ्या एकाच गोष्टीवर कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं माझ्यावरून.

चाकांना ब्रेक बसवायची वेळ आली. या विमानाची रचना अशी की डाव्या पायाखाली डाव्या चाकाचा ब्रेक, उजव्या पायाखाली उजव्या चाकाचा. पेडल दाबलं की तेल नळीतून चाकापर्यंत जातं आणि चाक धरलं जातं. नळी कोणती घालायची, एवढाच प्रश्न होता. प्रफुल्ल कारखान्यात शिकला ती ॲल्युमिनियमची बारीक, कडक नळी घालणार होता. एका रविवारी त्याचे कारखान्यातले जुने सोबती विमान बघायला आले, चहा झाला, आणि तेवढ्यात सहादू अण्णा मला घेऊन हजर. माझे दोन तुकडे कापलेले, टोकांना पितळी नट घट्ट दाबून बसवलेले. बिचाऱ्यांनी रात्री जागून केलं होतं ते.

प्रफुल्लने मला हातात धरलं, वास घेतला आणि सोबत्यांकडे बघून हसला. "अण्णा, विमान आहे हे. द्राक्षाची बाग नाही. चाकांवर औषध मारायचंय का?"

सगळे हसले. एकाने तर चहा सांडला.

सहादू अण्णांचा चेहरा उतरला. "चाळीस किलो दाब सोसती ही. तुझं विमान देईल का तेवढा? बारा वर्षं माझ्या डोळ्यापुढं फुटली नाय. ती तुझी चकचकीत काडी कालच्याला पुड्यातून काढली, तिचा काय भरवसा?"

"भरवसा पुस्तकात लिहिलेला असतो. ज्याचं काम त्याने करावं. तू पंप दुरुस्त कर."

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. चार वर्षं ज्या माणसाने डोळे जाळून याच्या विमानाला टाके मारले, त्याला चार लोकांत पंपवाला ठरवायचं? मला प्रफुल्लचा तेव्हा जो राग आला तो आजही गेलेला नाही.

सहादू अण्णांनी खिशातून खडू काढला, वेल्डिंगच्या खुणा करायचा पांढरा खडू, आणि विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध सरळ रेघ मारली. "अर्धं लोखंड माझं, अर्धा माळ माझा. ही वाटणी. डावं चाक तुझं, उजवं माझं. तुझ्या बाजूला तुझी काडी घाल. माझ्या बाजूला माझी नळी लागंल."

"लाव की," प्रफुल्ल म्हणाला. "बघूच कुणाची टिकते."

बांधावरून भांडून विहिरीचं पाणी वाटून घेणारे भाऊ तुम्ही बघितले असतील. विमान मधोमध वाटून घेतलेले हे दोघेच. त्या दिवसापासून बोलणं बंद. रेघेच्या पलीकडचा पाना हवा असला तरी कुणी हात लांब करीना. जे काय सांगायचं ते तेजलमार्फत. "सांग तुझ्या बापाला, पंखाखालचा नट ढिला हाय." "सांग तुझ्या अण्णांना, मला दिसतंय." आणि दोघे उभे असायचे पाच फुटांवर.

तेजल पहिल्या दिवशीच म्हणाली होती. "अण्णा, पप्पा, नळी कुठलीही घाला. पण दोन्हीकडे एकच घाला. दोन चाकं सारखी थांबली पाहिजेत."

"हेच तर मी म्हणतोय," प्रफुल्ल म्हणाला. "दोन्हीकडे ॲल्युमिनियम."

"अगदी बराबर," सहादू अण्णा म्हणाले. "दोन्हीकडं माझी."

पोरीने कपाळाला हात लावला. पुढे कुणी तिला विचारलं नाही.

तर अशी मी उजव्या चाकाला लागले. समोर, विमानाच्या डाव्या पायावर, ती ॲल्युमिनियमची. सरळ, चकचकीत, कुठे सुरकुती नाही. मी पिवळी म्हणवून घ्यायची तर रंग उडून ताकासारखा झालेला, आणि अंगाला डाग. तिच्याशी मी एक शब्द बोलले नाही, तीही माझ्याशी बोलली नाही. एका तेलाने भरल्या होत्या आम्ही दोघी, पण मन कुठलं एक असायला! मनात म्हणत होते, तू आधी फुटणार, भवाने. रोज तेवढीच वाट बघायचे.

सकाळच्या गारव्यात विमान हळूहळू पळवून बघितलं. सायकलीच्या वेगाने जायचं, थांबायचं. थांबलं. दोन्ही भाऊ आपापल्या चाकापाशी जाऊन, वाकून, थेंब आहे का बघून आले. थेंब नव्हता. दोघेही छाती काढून हिंडले.

तेजल मात्र खाली उतरली ती कपाळाला आठ्या घालून. "उजवं पेडल खाली जातंय. डाव्यापेक्षा दोन बोटं जास्त."

"झालं ना!" प्रफुल्ल टाळी वाजवून म्हणाला. "पंपाची नळी. मी काय म्हणत होतो? सांग त्यांना."

"तिला म्हणावं," सहादू अण्णा आता तिच्याशीही थेट न बोलता विमानाच्या शेपटीला म्हणाले, "उजव्या पायावर बेतानं जोर दे. बापाचं ऐकून आधीच माझ्या बाजूला खोट काढायची ठरवून बसलीय."

"अण्णा, मी कुणाच्या बाजूने नाही हो! मी आतमध्ये बसते. मला पायाला कळतं."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, मित्रांनो, आणि ते मला माहीत होतं. मी फुटत नाही, पण मी फुगते. दाब आला की अंग थोडं सैल करायचं, हा माझा स्वभाव. फवारणीत त्याने काही बिघडत नाही, औषध एक क्षण उशिरा बाहेर पडतं एवढंच. ब्रेकमध्ये मात्र पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी माझ्याच पोटात जिरतो. त्यातून मी जुनी, औषधांनी मऊ पडलेली. आणि ऊन तापलं की अजूनच मऊ. ती समोरची कडक बया फुगत नाही. तिचं चाक झटकन धरलं जाणार, माझं नंतर. हे मला कळत होतं आणि मी गप्प होते. नळीला तोंड नसतं हे खरं. पण असतं तरी मी बोलले असते का? सहादू अण्णांचा अपमान झाला होता. मला त्यांना जिंकवायचं होतं.

एप्रिलमधला दिवस ठरला. जोरात पळवून, पट्टीच्या टोकाआधी थांबवायचं. तेजल म्हणाली, सकाळी सातला करू, वारा नसतो, ऊन नसतं. प्रफुल्लने सातला हो म्हटलं, म्हणून सहादू अण्णांनी दुकानाचं काम काढलं. ते आले साडेदहाला. मग पट्टीच्या टोकाला झेंडा घेऊन कुणी उभं राहायचं यावर दोन तास गेले. दोघांनाही झेंडा हवा होता. शेवटी दोन झेंडे झाले, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. एक वाजायला आला. तोवर मी उन्हात बाहेर काढलेल्या विमानाच्या पायावर बांधलेली, मऊमऊ होत चाललेली.

लताबाई डबा घेऊन आल्या होत्या. विमानाकडे आणि उन्हाकडे बघून म्हणाल्या, "आज राहू द्या की. पोर घामानं निथळलीय."

"सांग पोरीला, माझी बाजू तयार हाय," सहादू अण्णा लताबाईंना म्हणाले.

"माझीही कधीची तयार आहे."

तेजलने दोघांकडे बघितलं. तिचा संताप मला तिच्या पायातून कळला, पेडल दाबून बघितलं ना तिने, तेव्हा. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. मग बहुतेक कंटाळलीच ती. सात आठवडे निरोप पोचवून कुणीही कंटाळेल. पट्टा आवळला आणि इंजिन सुरू केलं.

विमान सुटलं. मुरूम उडाला, माळ मागे पळाला, मोटारसायकल जोरात जावी एवढा वेग आला. पट्टीचं टोक दिसायला लागलं तसं तिने इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय सारख्या जोराने दाबले. तेल आलं. मी फुगले. खरं सांगते, मी फुगतच गेले. डाव्या चाकाने कच्चकन मुरूम धरला आणि माझं चाक तसंच फिरत राहिलं. विमान डावीकडे गरकन वळलं. तिने डावा पाय सोडला, उजवा आणखी दाबला, माझ्याकडून काहीतरी मिळेल म्हणून. मी काही दिलं नाही. विमान पट्टी सोडून लगतच्या शेजाऱ्याच्या कांदाचाळीत, कांदे साठवायच्या बांबूच्या मांडवात, घुसलं. बांबू मोडले, नाकावरचा पंखा तुटला, कांदे धो धो खाली आले. मग सगळं शांत झालं.

दोन्ही भाऊ धावत आले. साठी उलटलेली माणसं, पण काय धावली! प्रफुल्ल डावीकडून, सहादू अण्णा उजवीकडून. आणि मित्रांनो, दोघेही आपापल्या चाकापाशी गुडघ्यावर बसले.

सहादू अण्णांचा हात माझ्या अंगावरून फिरला, वरपासून खालपर्यंत. कोरडा. पितळी नट चाचपले. कोरडे. "शाबूत हाय!" ते ओरडले. "माझी नळी शाबूत हाय! एक थेंब नाय!"

"माझी पण!" पलीकडून प्रफुल्ल ओरडला. "कुठे चीर नाही, काही नाही! माझ्या बाजूचा दोष नाही!"

दोघेही खरं बोलत होते. मी फुटले नव्हते, तीही फुटली नव्हती. सात आठवडे मी याच क्षणाची वाट बघत होते. म्हटलं, घ्या, मी टिकले. मला केवढा आनंद झाला होता, आणि आता तो आनंद आठवला की स्वतःची किळस येते.

तेवढ्यात लताबाई आल्या. त्यांनी नळी बघितली नाही, चाक बघितलं नाही, नवऱ्याला बाजूला ढकललं आणि कांद्यांच्या ढिगावर चढून वरची काच उघडली. तेजल पट्ट्यात लोंबकळत होती. कपाळातून रक्त, आणि उजवा हात मनगटातून भलतीकडेच वळलेला. शुद्धीवर होती. सगळं बघत होती, सगळं ऐकत होती.

लताबाईंनी पट्टा सोडवला. पोर बाहेर आली, कांद्यांवर बसली आणि आधी वडिलांकडे, मग अण्णांकडे बघितलं.

"तुमच्या दोन्ही नळ्या शाबूत आहेत," ती म्हणाली. "हात तेवढा माझा मोडलाय."

सहादू अण्णा कांद्यांवरून धडपडत तिच्याकडे निघाले. प्रफुल्ल "बाळा" म्हणून पुढे झाला, तर तिने डावा हात आडवा धरला. "तुम्ही नको. अण्णा, तुम्ही पण नको. मोठी आई, तू चल माझ्याबरोबर." आणि त्या दोघी गाडीत बसून नाशिकला दवाखान्यात गेल्या. माळावर दोन म्हातारे उरले. एक पाणी प्यायला, दुसरा नाही.

आता तुम्हाला वाटत असेल, मग भाऊ-भाऊ गळ्यात पडले. नाही पडले. गोष्टी सांगून पोरांची समजूत काढायची मला हौस नाही. आजही ते एकमेकांशी बोलत नाहीत. फरक एवढाच की आता आपली बाजू कशी बरोबर होती, हेही बोलत नाहीत.

प्लास्टर निघायच्या आधीच तेजल माळावरच्या शेडमध्ये आली, विमान तिथे ओढून आणून ठेवलं होतं. खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली. मला सोडवलं, समोरचीला सोडवलं. मग पिशवीतून एकच गुंडाळी काढली, पोलादी जाळीचं आवरण असलेली लवचिक नळी, जी फुगत नाही आणि विमानाचा पाय हलला तर चिरत नाही. एकाच गुंडाळीतून दोन सारखे तुकडे मोजून कापले. एका हाताने आणि दातांनी नट धरत होती. प्रफुल्ल शेडच्या दारात उभा होता, सहादू अण्णा बाहेर दगडावर. मदत करू का, असं विचारायची दोघांचीही छाती झाली नाही. लताबाईंनी नट धरून दिले.

मला तिने कोपऱ्यातल्या पिंपात टाकलं. समोरची पण तिथेच आहे, माझ्या अंगाला अंग लावून. आम्ही अजून बोलत नाही. मला तिचा राग येतो. पण तिच्यात काय खोट होती असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. माझ्यातही नव्हती. आपापल्या जागी आम्ही दोघी चांगल्या होतो, आणि आम्हाला एका विमानाला लावलं.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या म्हातारीकडून काही शिकायचंच असेल तर हे शिका. एका गाडीच्या दोन चाकांना दोन तऱ्हेच्या नळ्या लावू नका. जुनी वस्तू तिच्या कामात इमानी होती म्हणून तिला भलत्या कामाला जुंपू नका, आणि काम संपलं की खिळ्याला टांगून विसरूही नका. जी आत बसते, तिचं ऐका. आणि कधी काही आदळलं, मोडलं, उलटलं, तर आधी आतल्या माणसाला बाहेर काढा. नळ्या नंतर बघा. आम्ही कुठे पळून जात नाही.